रमाकांत आचरेकर : धावफलकाबाहेरील एक कारकीर्द

खेळाच्या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे धावफलक. कोणी किती धावा केल्या, कोणास किती बळी मिळाले, डाव केव्हा घोषित झाला, हे सर्व त्यात नोंदलेले असते. परंतु ज्याने खेळाडू घडविला त्याच्यासाठी त्या कोष्टकात रकाना नसतो. प्रशिक्षकाची कारकीर्द अभ्यासताना पहिली अडचण येते ती ही. पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांची थोरवी सिद्ध करणे सोपे आहे; कारण १९३९-४० व १९४०-४१ ह्या लागोपाठच्या दोन मोसमांत महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तेव्हा संघनायक म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले. रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२-२०१९) यांच्याविषयी तसे म्हणता येत नाही. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा केवळ एक सामना आहे : १९६३-६४ च्या मोसमातील मोईन-उद्-दौला सुवर्णचषक स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादेविरुद्ध. खेळाडू म्हणून त्यांचा इतिहास येथेच संपतो. त्यांचा खरा इतिहास इतरांच्या धावफलकांतून वाचावा लागतो.

आचरेकर मूळचे मालवणचे. कर्मभूमी मात्र दादरचे शिवाजी पार्क. बँकेची नोकरी सांभाळून ते तेथे मुलांना क्रिकेट शिकवीत, आणि शारदाश्रम विद्यामंदिराचे संघही त्यांच्याच देखरेखीखाली तयार होत. त्यांच्या पद्धतीचे वर्णन करताना शिस्त, कठोरपणा, शिष्याविषयीची माया ह्या गुणांचा उल्लेख नेहमी होतो. हे गुण खरेच आहेत. परंतु तेवढ्याने त्यांच्या कार्याचा उलगडा होत नाही. तालमीतील वस्तादाच्या ठायीही हे गुण असतात. आचरेकरांचे वेगळेपण त्यांनी सामन्याला दिलेल्या महत्त्वात आहे. जाळीतील सराव आवश्यक खरा, पण फलंदाज तयार होतो तो बाद होण्याची भीती असलेल्या डावात, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. म्हणूनच सचिन तेंडुलकरला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि जेथे सामना चालू असेल तेथे खेळवीत. सरावाच्या अखेरीस यष्टीवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची सर्वश्रुत हकीकतही ह्याच दृष्टीने पाहिली पाहिजे. जो गोलंदाज बाद करील त्याला ते नाणे, आणि फलंदाज नाबाद राहिला तर ते त्याचे. तो दिवसभर दमलेल्या मुलापुढे उभा केलेला एक लहानसा सामनाच होता.

ह्या पद्धतीला शाळेची निवड हेही अंग होते. १९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला आचरेकरांकडे घेऊन आले. पुढे त्या मुलाला वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात घालावे, असा सल्ला आचरेकरांनी दिला. कारण उघड होते. आंतरशालेय क्रिकेटमध्ये, विशेषतः जाइल्स व हॅरिस ढाल स्पर्धांमध्ये, शारदाश्रमाचे स्थान पक्के होते. मुलाच्या अंगी गुण असून भागत नाही. त्या गुणाला पुरेसे सामने मिळवून देणारी संस्था त्याच्या पाठीशी असावी लागते, हे आचरेकरांनी ओळखले होते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर झालेला हॅरिस ढालीचा उपांत्य सामना हा ह्या पद्धतीचा सर्वांत ठळक पुरावा होय. सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. डाव घोषित करण्याचा निरोप येऊनही दोघे खेळत राहिले, आणि अखेर २ बाद ७४८ वर डाव थांबला. पुढे २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी हा विक्रम मोडला. तथापि त्या भागीचे ऐतिहासिक महत्त्व आकड्यापुरते नाही. पुढच्याच वर्षी तेंडुलकर कराचीत कसोटी खेळला; १९९३ मध्ये कांबळीने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली. त्यापूर्वी १९९२ मध्ये आचरेकरांचाच शिष्य प्रवीण आमरे याने डर्बनला कसोटी पदार्पणात शतक केले होते. १९९० साली आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली.

परंतु ह्या यशाचे सर्व श्रेय एका व्यक्तीच्या पदरात टाकणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. स्कूटर एका मैदानावरून दुसऱ्यावर जाऊ शकत होती, कारण मुंबईत जवळजवळ मैदाने होती आणि त्यांवर सामने चालू होते. शालेय ढाली, १९४८ पासूनची पावसाळ्यातील कांगा साखळी, कंपन्या व बँकांचे संघ, अशी एक वीण तेथे पूर्वीच तयार होती. स्वतः आचरेकर तिच्यातूनच आले होते.

ही वीण जेथे नव्हती तेथे काय घडले, हे पाहण्यास बीड जिल्ह्याचे उदाहरण उपयोगी पडते. बीड येथे १९७२ साली जन्मलेले संजय बांगर भारतातर्फे १२ कसोटी खेळले आणि २०१४ ते २०१९ ह्या काळात राष्ट्रीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक होते. रणजी क्रिकेट मात्र ते रेल्वेकडून खेळले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. धावपटू म्हणून तो तेथेच घडला आणि अमरीश कुमार ह्या सैन्यातील प्रशिक्षकाच्या आग्रहाने स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य व २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. दोन्ही कारकीर्दींत जिल्ह्याबाहेरच्या, खेळाडूला नोकरी देणाऱ्या संस्थेने मोठा आधार दिला. मुंबईच्या मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी जे मिळाले, ते साबळेला सैन्यात भरती झाल्यावर मिळाले. मधली जी वर्षे गेली त्यांचा हिशेब कोणत्याच धावफलकात नाही. अशा वर्षांत किती मुले खेळापासून दुरावली असतील, हा प्रश्न कोणा एका प्रशिक्षकाच्या गुणदोषांपेक्षा मोठा आहे.

आचरेकरांच्या परंपरेची पुढील वाटचाल ह्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये आणि मध्य प्रदेशाने २०२१-२२ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला. पूर्वी खेळाडू प्रशिक्षकाच्या शोधात मुंबईस जात असे. येथे प्रशिक्षकच मुंबईबाहेर गेला.

दुसरे उदाहरण अमोल मुझुमदार यांचे. १९८८ च्या त्या भागीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून ते पॅड बांधून बसले होते. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमविल्या, तरी भारताच्या संघात त्यांना कधी स्थान मिळाले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मुझुमदार होते. त्या सामन्याच्या धावफलकातही त्यांचे नाव नाही. गुरूच्या कारकीर्दीचे मोल ज्या रीतीने करावे लागते, त्याच रीतीने आता शिष्याच्याही कारकीर्दीचे करावे लागेल.