थ्री नॉट थ्री रायफल

थ्री नॉट थ्री (.३०३) हे ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचे भारतात रूढ झालेले नाव आहे. नळीचा अंतर्व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर असल्यामुळे हे नाव पडले. १८९५ मध्ये ब्रिटिश सैन्यात स्वीकारली गेलेली ही रायफल दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश भारतीय सैन्याचे मुख्य शस्त्र होती. स्वातंत्र्यानंतर ती प्रथम लष्कराकडे व पुढे अनेक दशके राज्यांच्या पोलिस दलांकडे राहिली. महाराष्ट्राशी तिचा संबंध दुहेरी आहे. तिची काडतुसे पुण्याजवळील खडकी येथे तयार होत, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात तिच्या मर्यादा सर्वांसमोर उघड झाल्या.

रचना

रायफलीच्या नावातील ‘ली’ हे जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या अभिकल्पकाचे आडनाव असून ‘एनफिल्ड’ हे लंडनजवळील शस्त्रनिर्मितीच्या कारखान्याचे ठिकाण आहे. आधीच्या ली-मेटफर्ड (१८८८) रायफलीची यंत्रणा हीच होती. परंतु तिच्या नळीतील उथळ आटे कॉर्डाइट या नव्या धूरविरहित दारूच्या उष्णतेने लवकर झिजू लागले. त्यामुळे अधिक खोल असे पाच आटे असलेली नळी बसवण्यात आली व रायफलीचे नाव बदलले.

प्रत्येक गोळी झाडल्यानंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. या क्रियेत रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि नवे काडतूस नळीत सरकते. बोल्टचा पल्ला आखूड असल्याने ती समकालीन रायफलींपेक्षा जलद चालते व प्रशिक्षित शिपाई मिनिटाला १५ नेमके बार टाकू शकतो. मॅगझिनमध्ये १० काडतुसे बसतात. रायफलीचे वजन सुमारे ४ किलोग्रॅम आहे. भारतात सर्वाधिक परिचित झाला तो १९०७ चा मार्क ३ हा आखूड नळीचा नमुना. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात याचेच उत्पादन होत असे.

दस्त्याच्या तळाशी पितळी झाकणाचा एक कप्पा असतो. त्यात तेलाची लहान बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढण्याची वजन लावलेली दोरी, ठेवलेली असे.

काडतूस

.३०३ च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे अडकली तर बोल्ट पुढे सरकत नाही. म्हणून पाच काडतुसांची पट्टी लावण्याची रीत शिपायाला घोकून शिकवली जाई. ही जुन्या धाटणीची पुंगळी बदलण्याचा विचार ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धापूर्वी केला होता. युद्ध सुरू झाल्यामुळे तो बारगळला आणि काडतूस आणखी अर्धे शतक टिकले.

सुरुवातीची गोळी बोथट टोकाची होती. कोलकात्याजवळील डमडम येथील कारखान्यात १८९० च्या दशकात टोकाकडील आवरण काढलेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. ‘डमडम गोळी’ हा शब्द जगभर गेला तो येथूनच. अशा गोळ्यांना १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात बंदी केली. १९१० मध्ये आलेल्या मार्क ७ काडतुसाची टोकदार गोळी ११.३ ग्रॅम वजनाची होती व तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर होता. काडतूस बदलले की रायफलीच्या नेमाची पट्टीही बदलावी लागते. १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या भारतीय तुकड्यांना मार्सेय बंदरात उतरल्यावर आपल्या जुन्या रायफली जमा करून नव्या काडतुसाला जुळणाऱ्या रायफली घ्याव्या लागल्या. ज्या शस्त्रावर हात बसला होता ते सोडून काही आठवड्यांतच त्यांना खंदकात उतरावे लागले.

खडकी आणि वरणगाव

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. गावाच्या ‘किर्की’ या तत्कालीन इंग्रजी रूपावरून काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे व वर्षाचे अंक ठोकले जात. त्यामुळे पुंगळी कोठेही सापडली तरी तिचे जन्मस्थान व वय समजते. पितळी पुंगळी, गोळी आणि टोपी येथे तयार होई. कॉर्डाइटसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरी भागातील अरुवनकाडू येथे स्वतंत्र कारखाना उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात रायफलीबरोबरच ब्रेन व व्हिकर्स या मशीनगनाही .३०३ चेच काडतूस वापरत. आघाडीवर एकाच प्रकारची पेटी पोहोचवली की बहुतेक गरज भागत असे आणि या काडतुसाच्या दीर्घायुष्याचे हेच मोठे कारण आहे.

१९६२ च्या चीन युद्धात अनेक भारतीय तुकड्या याच रायफलीनिशी अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रांसमोर उभ्या होत्या. त्यानंतर लष्कराचा भर ७.६२ मिमी काडतुसावर व एसएलआर रायफलीवर गेला. १९६० च्या दशकातच जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने आले.

ईशापूर येथे त्याच काळात ली-एनफिल्डच्याच आराखड्यावर ७.६२ मिमीची २ए व २ए१ ही रायफल तयार झाली. ती दिसायला जुन्या रायफलीसारखीच असल्याने वृत्तपत्रांतील छायाचित्रांखाली तिलाही सर्रास ‘थ्री नॉट थ्री’ म्हटले जाते. तिचे मॅगझिन १२ काडतुसांचे व अधिक चौकोनी असते, यावरून ती ओळखता येते. दोहोंची काडतुसे एकमेकींत चालत नाहीत.

मस्कट

ब्रिटिश काळात पोलिस व तुरुंग रक्षकांसाठी ईशापूरने जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्या आटे नसलेल्या .४१० बोअरच्या करून घेतल्या आणि मॅगझिनच्या जागी ठोकळा बसवून त्या एकबारी केल्या. पोलिसांच्या भाषेत हीच ‘मस्कट’. तिच्यात .३०३ च्या पुंगळीवरूनच घडवलेले, पण वेगळे काडतूस लागे. शस्त्र हिसकावले गेले तरी ते लष्करी काडतुसांवर चालू नये, हा यामागील हेतू होता. १८५७ नंतर एतद्देशीय शिपायांच्या हाती शक्यतो एक पिढी जुने शस्त्र देण्याचे जे धोरण होते, त्याच संशयाची ही पुढची पायरी म्हणता येईल.

पोलिस दल आणि सरावाचा प्रश्न

लष्कराने सोडलेल्या रायफली पोलिस ठाणी, जिल्हा मुख्यालये व राखीव दलांकडे आल्या. कोषागाराचा पहारा, कैदी पथक, निवडणूक आणि यात्रेचा बंदोबस्त ही कामे तिच्यावर भागत. संत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम असलेल्या नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) यांसारख्या गावी बंदोबस्ताचे खरे साधन लाठीच असते, रायफल बहुधा खांद्यावरच राहते. शस्त्र जुने असल्याची उणीव त्यामुळे वर्षानुवर्षे जाणवली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके-४७ रायफलींतून गोळीबार केला व ५० हून अधिक लोक मारले गेले. तेथील पोलिसांकडे लाठ्या आणि मोजक्या .३०३ रायफली होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे हवालदार जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. त्यांना पुढे शौर्यासाठी राष्ट्रपती पदक मिळाले. तीस गोळ्यांच्या मॅगझिनच्या स्वयंचलित शस्त्रासमोर प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणे ही तफावत धैर्याने भरून निघणारी नव्हती.

तथापि सर्व दोष रायफलीवर ढकलणे योग्य नाही. हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याच्या तुटवड्याकडेही लक्ष वेधले. नेम हा सरावाने येतो आणि सराव काडतुसांनी होतो. गोळीबार मैदानावर काडतुसेच पोहोचत नसतील तर नवी रायफलही शिपायाच्या हातात ओझेच ठरते. २००९ मध्ये ‘फोर्स वन’ हे विशेष पथक स्थापन झाले आणि महाराष्ट्र पोलिसांत .३०३ ची जागा एसएलआर, इन्सास व अन्य शस्त्रे घेऊ लागली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला औपचारिक निरोप दिला.

नागरी परवाना

शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांनुसार .३०३ किंवा ७.६२ मिमीचे लष्करी काडतूस चालू शकेल अशी रायफल, तसेच .४१० ची मस्कट, सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून आयुध निर्माण्यांनी ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ बोअरची (८ मिमी) शिकारी रायफल बनवली. तिचे काडतूस वेगळे असल्याने कायद्याची अट पाळली जाते. ग्रामीण भागात मात्र बँकेच्या दारातील रखवालदाराकडे दिसते ती १२ बोअरची दुनळी, आणि पीकसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक. नातेपुत्यासारख्या गावातील अर्जदाराला परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. सोलापूर शहरात तो अधिकार पोलिस आयुक्तांचा आहे. किती काडतुसे विकत घेता येतील याची मर्यादा परवान्यावर नोंदलेली असते. निवडणूक काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.

नेमबाजी हा खेळ आता .२२ बोअर व हवेच्या दाबावरील रायफलींवर चालतो. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांचा पुढाकार होता व त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. तेजस्विनी सावंत (जागतिक अजिंक्यपद, म्युनिक, २०१०) आणि स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्यपदक, पॅरिस, २०२४) या कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाजांची यशे ५० मीटर रायफल प्रकारातील आहेत.

हौशी अभ्यासक

जुन्या रायफलींच्या अभ्यासकांना नळीपेक्षा अनेकदा पुंगळीच अधिक सांगते. बुडावरील शिक्के, दस्त्यावरील तुकडीची खूण, दुरुस्तीची तारीख यांवरून एखाद्या शस्त्राचा प्रवास उलगडता येतो. ज्या देशांत ही रायफल नागरिकांना घेता येते तेथे जुन्या लष्करी साठ्यातील काडतुसे वापरणाऱ्यांची नेहमीची चिंता गंजाची असते. जुन्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेट जळाल्यावर नळीत एक प्रकारचे मीठ उरते, ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि आटे गंजतात. ते तेलात विरघळत नाही. म्हणून आधी नळीतून उकळते पाणी ओतून, ती कोरडी करून मग तेलाची चिंधी फिरवावी लागते. ब्रिटिश शिपायांचीही हीच पद्धत होती.

भारतात असा संग्रह करणाऱ्याने सावध राहणे इष्ट आहे. अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. जे शस्त्र दुरुस्त करूनही चालू शकत नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू स्वरूपाच्या शस्त्रालाच अधिनियमाच्या कलम ४५ नुसार सूट आहे. माळ्यावर सापडलेली आजोबांची रायफल केवळ जुनी आहे म्हणून या सवलतीत बसत नाही.