विकासदर आणि दुर्बलांची बेरोजगारी : गोव्याच्या खाणपट्ट्याचा दाखला

उत्पादन वाढले की बेरोजगारी घटते, हा संबंध अर्थतज्ज्ञ आर्थर ओकुन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून मांडला. गोव्यात मात्र तो अडखळतो. दरडोई उत्पन्नात देशात अग्रेसर असलेल्या या राज्याचा बेरोजगारीचा दर नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये ८.५ टक्के होता. देशाची सरासरी ३.२ टक्के.

वाढ कोणत्या क्षेत्रातून येते, यावर दुर्बलांच्या पदरात काय पडते ते ठरते. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि केपे तालुक्यांतील लोहखनिज ट्रकने नदीकाठच्या जेटीवर आणि तेथून बार्जने मांडवी-झुआरीतून मुरगाव बंदराकडे जाई. उपजीविकेचा खरा पसारा या वाटेवर होता. कर्ज काढून घेतलेला ट्रक, त्याचा चालक, गॅरेज, पंक्चरचे दुकान, चहा-भजीचा गाडा. यांतील बहुतेकांचे नाव कोणत्याही खाण कंपनीच्या हजेरीपटावर नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एप्रिल २०१४ च्या निवाड्याने वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेत वाट मोकळी केली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चपासून यंत्रे पुन्हा थंडावली.

बंदीनंतर घसरलेले राज्याचे सकल उत्पन्न खाणी पूर्ववत होण्याआधीच सावरले. ट्रकचालक मात्र तेथेच राहिला. औषधनिर्मितीच्या कारखान्याला प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा असतो, किनाऱ्यावरील हॉटेलाला इंग्रजी बोलणारा तरुण. शेतीकडे परतणेही सोपे नव्हते, कारण अनेक गावांत खाणीच्या गाळाने भातशेते आणि ओहोळ भरून गेले होते. २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळालेल्या गावडा, कुणबी व वेळीप समाजांतील अनेक कुटुंबे याच भागांत राहतात.

शिवाय बेरोजगारीच्या दरात सारेच दिसत नाही. काम शोधणारी किंवा कामास उपलब्ध असलेली व्यक्तीच बेरोजगार गणली जाते. आशा सोडून घरी बसलेली स्त्री श्रमबलाबाहेर पडते आणि दर उलट सुधारल्यासारखा भासतो. अगदी गरिबाला तर बेकार राहणेच परवडत नाही. तो मिळेल ती मजुरी करतो आणि रोजगारप्राप्त ठरतो.

खाणबाधितांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. कौशल्य विकास, तसेच महिला, ज्येष्ठ व दिव्यांगांचे कल्याण हे त्यांच्या अग्रक्रमांत आहे. मात्र त्यांचा निधी रॉयल्टीच्या प्रमाणात जमा होतो. खाण बंद पडून हात रिकामे होतात, नेमक्या त्याच वेळी त्यातील आवकही आटते.