वरचं दूध आणि बाहेरचा दिवस

‘मी काय बोळ्याने दूध पीत नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. मला काही कळत नाही असं समजू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण हा बोळा खराखुरा होता. कापसाचा किंवा मऊ धडप्याचा बोळा दुधात बुडवायचा आणि बाळाच्या तोंडात धरायचा. आईला दूध येत नसेल, ती आजारी असेल किंवा बाळंतपणातच गेली असेल, तर बाळाला जगवायचा हा एक मार्ग होता. खान्देशात कापसाला तोटा नव्हता, त्यामुळे बोळ्यालाही नव्हता.

बोळ्याच्या पुढची पायरी म्हणजे शिंपला, आणि ऐपत असेल तर बोंडलं. चोचीसारखी निमुळती तोटी असलेलं हे लहानसं भांडं बऱ्या घरात चांदीचं असे. आईच्या दुधाखेरीज बाळाला जे काही पाजलं जाई, त्याला मराठीत एकच नाव आहे : वरचं दूध. गाईचं, शेळीचं, नंतर डब्यातलं, सगळं ‘वरचं’च. हा शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात निंदा नाही की कौतुक नाही. असलेल्यात पडलेली भर, इतकंच तो सांगतो.

पण बोळा, शिंपला, बोंडलं ही सगळी घरात वापरायची साधनं. वरच्या दुधावरचं बाळ घेऊन दिवसभर बाहेर जायचं झालं तर काय? चैत्रात खान्देशातले लोक सप्तशृंगी गडाची वाट धरतात. पायी जाणाऱ्यांना कित्येक दिवस लागतात, आणि चैत्र म्हणजे ऊन किती, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत नासणार.

यावर जुना उपाय साधा होता. दूध न्यायचंच नाही, ते जिथे असेल तिथे गाठायचं. मुक्कामाच्या गावात शेळी असतेच. सोबतच्या बायकांत कुणी ओली बाळंतीण असली तर ती बाळाला छातीशी घेई. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तही आईचं दूध नसेल तर दाई, नाहीतर शेळीचं किंवा गाईचं दूध, असं सांगितलेलं आहे. शेळी हा तर चालताफिरता डबाच. धार काढली की ताजं दूध मिळतं, ते साठवायचा प्रश्न येत नाही.

हे गणित आधी गिरण्यांनी बिघडवलं. मुंबईच्या गिरण्यांत बायका दहा-दहा तास राबू लागल्या तेव्हा बाळाला सोबत नेणं शक्य नव्हतं आणि मागे कुणी पाजणारंही नव्हतं. १९२०च्या दशकातल्या पाहण्यांत आढळलं, की गिरणी कामगार बायकांच्या बहुतेक बाळांना अफूची गोळी दिली जाते. बाळ भूक विसरून झोपून राहावं म्हणून. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भरपगारी रजेचं विधेयक आलं, बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. जळगाव, अमळनेर, धुळे या खान्देशातल्या गावांतही कापडगिरण्या होत्या, भोंगे होते. ‘बाहेरचा दिवस’ म्हणजे सहल नव्हे, हे भोंगा ऐकणाऱ्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच काळात दूर युरोपात वरच्या दुधाचं रूप बदललं होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८६५ मध्ये तान्ह्या बाळांसाठी एक कृती प्रसिद्ध केली. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावात हेन्री नेस्ले याने दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची भुकटी बाजारात आणली. आज आपण थोरांचं पेय समजतो ते हॉर्लिक्सही १८७३ मध्ये बाळांचं आणि आजाऱ्यांचं अन्न म्हणूनच सुरू झालं. न्यूझीलंडच्या दुधाची भुकटी विकणाऱ्या नेथन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ग्लॅक्सो’ हे नाव घेतलं आणि गुटगुटीत बाळांची चित्रं छापून ते घराघरात पोचवलं. पुढे औषधांसाठी प्रसिद्ध झालेली ग्लॅक्सो ती हीच.

भुकटीची खरी करामत एका वाक्यात सांगता येते : दुधातलं पाणी काढलं की दूध नासत नाही. आता ते बोटीत, आगगाडीत, पिशवीत, कुठेही जाऊ शकत होतं. शेळी मागे राहिली.

भारतात हे डबे बरीच वर्षं परदेशातून येत. १९५०च्या दशकाच्या शेवटी परकीय चलनाची चणचण झाली आणि आयातीवर कात्री लागली. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचं. त्याची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. आणंदला कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये भुकटीचा कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त आणि तान्ह्या पोटात त्याचा गोळाही घट्ट होतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यातून बाळांना सोसेल अशी भुकटी तयार करण्याची पद्धत शोधली आणि अमूलने ती वापरली. गुबगुबीत मुलाला ‘अमूल बेबी’ म्हणून चिडवण्यामागे एवढा इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकांत बेबी फूडचा डबा ही टंचाईची वस्तू होती. तो ओळखीने मिळे आणि घरात पुरवून पुरवून वापरला जाई.

हे ‘पुरवून पुरवून’ फार महागात पडलं. काढलेलं पाणी पुन्हा घातल्याशिवाय भुकटीचं दूध होत नाही. ते पाणी किती घालायचं आणि कुठलं घालायचं, यावर बाळाचा जीव अवलंबून असतो. डबा चार दिवस जास्त चालावा म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त घातलं, की पोट भरलेलं दिसतं पण बाळ उपाशीच राहतं. पाणी न उकळलेलं असलं तर जुलाब लागतात. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी सिंगापूरच्या रोटरी क्लबात १९३९ मध्येच दूध-कंपन्यांच्या प्रचारामुळे होणारे बालमृत्यू हा खून आहे, असं सुनावलं होतं. १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेची पुस्तिका निघाली, नाव ‘द बेबी किलर’. १९७७ मध्ये नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला.

डबा बनवणाऱ्याने एक घर गृहीत धरलेलं असतं. त्या घरात चोवीस तास नळ, हाताशी जळण, बाटली उकळायला भांडं आणि सूचना वाचणारी आई असते. धुळ्यात उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. चाळीसगावकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा बाहेरचा दिवस चार-पाच महिन्यांचा असतो आणि तिची चूल तीन दगडांची. भुकटीने दुधाचा प्रश्न सोडवला आणि पाण्याचा प्रश्न त्या बाईच्या डोक्यावर ठेवला.

मध्यमवर्गाने यावर फ्लास्क शोधला. म्हणजे मूळ शोध स्कॉटिश शास्त्रज्ञ ड्यूअर याचा, १८९२ मधला. १९०४ मध्ये जर्मनीत ‘थर्मॉस’ कंपनी निघाली. आपल्याकडे घरोघरी पोचला तो तळेगावचा ईगल. आतली काच फुटली की घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं, हे आईवडिलांना विचारा.

पण फ्लास्कचा वापर बऱ्याचदा उलटा झाला. घरी कोमट दूध तयार करायचं, फ्लास्कमध्ये भरायचं आणि दिवसभर थोडं थोडं पाजायचं. किंवा भरलेली बाटली फडक्यात गुंडाळून उबेत ठेवायची. यामागे माया होती यात शंका नाही. पण कोमट दूध हे जंतूंचं माहेरघर. अनुकूल उबेत जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तरी चार तासांत एकाचे अडीचशेच्या वर जातात. तो फ्लास्क दूध टिकवत नव्हता, विरजत होता म्हणा ना.

दुसरीकडे कायद्याची लढाई चालू होती. मे १९८१ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेपुढे इंदिरा गांधी बोलल्या. त्याच सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ मतं, तटस्थ ३ आणि विरोधात एकच, अमेरिकेचं. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रचारासाठी ‘बीपीएनआय’ ही संस्था स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र बंद. दूध पाजायच्या बाटल्याही याच कायद्यात आल्या. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आज तुम्हाला टीव्हीवर तान्ह्या बाळाच्या दुधाची जाहिरात दिसत नाही, ती यामुळे.

हा कायदा गरजेचा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातली एक तरतूद पाहा. वरचं दूध कसं पाजायचं याचं प्रात्यक्षिक फक्त आरोग्य कर्मचाऱ्याने द्यायचं, आणि चुकीच्या वापराचे धोकेही त्यानेच सांगायचे. विकणाऱ्याने शिकवू नये, हे बरोबरच. मग उरली वॉर्डातली नर्स, जिच्याकडे वेळ नसतो. ज्या आईला डबा घेण्यावाचून गत्यंतर नाही तिला पाणी किती गरम हवं हे सांगणारं कुणी राहत नाही. ती यूट्यूबवर शोधते, किंवा सासूबाई सांगतील तसं करते.

आणि पाणी किती गरम हवं हा प्रश्न साधा नाही. डबा सीलबंद असला तरी भुकटी निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या भुकटीत तग धरून राहतो आणि अगदी लहान बाळांत मेंदूज्वर घडवू शकतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात त्याची साथ आली, तेव्हा जगाचं तिकडे नीट लक्ष गेलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियम दिले. भुकटीवर घालायचं पाणी किमान ७० अंशांचं हवं. मग बाटली गार पाण्यात धरून दूध पिण्याजोगं करायचं. तयार केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर फेकून द्यायचं.

आता जळगाव ते धुळे घ्या. नव्वदेक किलोमीटर, एसटीने दोन-अडीच तास. घरून बाटली तयार करून निघालात तर पारोळ्याच्या पुढे ती संपल्यात जमा. आणि नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मे महिन्यात ४४ अंशांत तापलेली एसटी असेल, असं मला तरी वाटत नाही.

म्हणून त्याच नियमांत बाहेरच्या दिवसासाठी वेगळी वाट आहे. उकळतं पाणी चांगल्या फ्लास्कमध्ये, उकळून घेतलेल्या बाटल्या झाकण लावून, आणि एकेका वेळची भुकटी मोजून कोरड्या, स्वच्छ डबीत. भूक लागेल तेव्हा आधी पाणी, मग भुकटी. उरलेलं ओतून टाकायचं, जिवावर आलं तरी. थोडक्यात, फ्लास्क तोच, फक्त आता त्यात दुधाऐवजी पाणी. आणि गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम झरे आहेत म्हणून तिथे बाटली भरून चालणार नाही.

दुपारी फ्लास्कमधलं पाणी निवतं, तेव्हा पुन्हा उकळतं पाणी कुठे मिळेल? महाराष्ट्राने या प्रश्नावर हिरकणीचं नाव कोरलंय. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : गडावर दूध विकायला गेलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी भुकेलं तान्हं आणि रायगडाचा तो कडा. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी दूध पोचवणाऱ्या बाईचं बाळ उपाशी होतं, ही त्या गोष्टीतली बोचरी बाजू सहसा कुणी बोलत नाही. एसटीने आपल्या निमआराम गाडीला ‘हिरकणी’ नाव दिलं, आणि बसस्थानकांत व सरकारी कचेऱ्यांत पाजणाऱ्या आयांसाठी ‘हिरकणी कक्ष’ निघाले. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे २०२३च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तान्ह्या बाळाला घेऊन विधानभवनात गेल्या, तेव्हा तिथला हिरकणी कक्ष त्यांना धुळीने माखलेला दिसला. राज्याच्या विधानभवनात ही तऱ्हा, तर तालुक्याच्या स्थानकावर काय, हा अंदाज तुम्हीच करा. रेल्वेने २०१६च्या अर्थसंकल्पात ‘जननी सेवा’ जाहीर केली. स्थानकांवर बाळांचं अन्न, गरम दूध आणि गरम पाणी मिळावं म्हणून. तेव्हा रेल्वेमंत्री सुरेश प्रभू होते आणि धावत्या गाडीतून ट्विटरवर बाळासाठी दूध मागणाऱ्या प्रवाशांच्या बातम्या येत होत्या.

योजना असो वा नसो, खान्देशातल्या आयांची एक व्यवस्था आधीपासून आहे : चहाची टपरी. भुसावळचा फलाट असो, एरंडोलचा फाटा असो, नाहीतर अजिंठ्याच्या वाटेवरचं एखादं हॉटेल, जिथे स्टोव्ह पेटलेला असतो तिथे ‘भाऊ, चहा नको, फक्त उकळतं पाणी द्या’ म्हणत फ्लास्क पुढे केला जातो. पाणी नुसतं वाफाळून चालत नाही, चांगलं खळखळ उकळू द्यावं लागतं, तेवढं उभं राहून पाहायचं. पातेलं चहाचं नसेल याचीही खात्री करायची, कारण साखर आणि आलं बाळाला नको असतं. मग भाऊ दुसरं पातेलं विसळून चढवतो आणि मागच्या गिऱ्हाइकांना सांगतो, थांबा जरा, लेकराचं पाणी आहे.