‘स्क्विड गेम’ आणि आपखुशीचा प्रश्न

परदेशी नाटकांवर मत देण्याचा अधिकार आता शहरातल्या पंडितांपुरता राहिलेला नाही. दिंद्रुडसारख्या गावीही मोबाईलवर कोरियन मालिका पाहिल्या जातात आणि चहाच्या टपरीवर त्यांचा निकाल लागतो. १७ सप्टेंबर २०२१ रोजी जगापुढे आलेल्या ‘स्क्विड गेम’विषयी एक निकाल आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. कर्जात बुडालेले ४५६ लोक जिवावरच्या खेळात उतरतात. दुसऱ्याच भागात मतदान होऊन त्यांची सुटका होते. तरी त्यांतले बहुतेक परत येतात. मग आपखुशीने आलेल्यांची कीव कशाला करावयाची?

प्रश्न बिनतोड दिसतो. परंतु त्याचे उत्तर इतिहासात आहे.

मालिकेचा नायक गी-हुन हा मोटार कारखान्यातून काढलेला कामगार. संपात त्याने सोबत्याला डोळ्यांदेखत मरताना पाहिले आहे. हा प्रसंग रचताना आपल्यापुढे सांगयोंग मोटार कंपनीचा संप होता, असे दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी जाहीरपणे सांगितले आहे. २००९ साली ह्या कंपनीने २,६४६ कामगार कमी करण्याचे ठरविले. प्योंगटेक येथील कारखाना कामगारांनी ७७ दिवस ताब्यात ठेवला. अखेर पोलिसी बळापुढे संप मोडला. पुढील वर्षांत कामगार व त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे तीसजण आत्महत्येने वा आजाराने गेले. मधल्या काळात, २०११ साली, ही कंपनी आपल्या मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाकडे आली, हेही ध्यानात ठेवावे. प्योंगटेक आपल्याला वाटते तितके दूर नाही.

२०१३ साली न्यायालयाने संपकऱ्यांवर ४७० कोटी वॉनची भरपाई बसविली. म्हणजे नोकरी गेली ती गेलीच, वर संप केल्याचे कर्ज डोक्यावर आले! असा मनुष्य उद्या कोणत्याही खेळात उतरला, तर त्याला आपखुशी म्हणावे काय?

आमच्या बीड जिल्ह्याला ह्याचे उत्तर कोणी शिकवावयास नको. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हावयाचे आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र वा कर्नाटक गाठावयाचे. खाडा झाला की पैसे कापले जातात; हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, म्हणून पुढील साली पुन्हा तोच फड. गाडीत त्यांना कोणी बांधून बसवीत नाही. ‘स्वतःहून जातात,’ असे त्यांच्याविषयीही बोलले जाते.

कोरियातील सामान्य माणसांनी मात्र नुसता निकाल देऊन हात झटकले नाहीत. २०१४ साली एका साप्ताहिकाच्या वाचक महिलेने ४७,००० वॉन पाठवून लिहिले, की एक लाख लोकांनी एवढेच दिले तर ती भरपाई फिटेल. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळे, म्हणून त्या मोहिमेस ‘पिवळे पाकीट’ हे नाव पडले. मालिका आल्यावर, २० ऑक्टोबर २०२१ रोजी, सोलमधील संपकरी त्यातलेच पोशाख घालून रस्त्यावर उतरले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संपकऱ्यांवरील अशा भरपाईला आवर घालणारा कायदा तेथील संसदेने संमत केला; लोक त्याला पिवळ्या पाकिटाचाच कायदा म्हणतात.

तेव्हा श्रोतेहो, मालिका आवडली वा न आवडली, हे मत ज्याचे त्याने ठेवावे. पण ‘आपखुशीने आले’ असे म्हणण्यापूर्वी, घरी राहिले असते तर त्यांच्यापुढे दुसरे काय होते, एवढे विचारावे; कोरियाविषयी आणि आपल्या शेजारच्या तांड्याविषयीही.