लढाईनंतरचा वर्ग

आमच्या बेळगाव भागात फौजी घरे पुष्कळ. त्यामुळे जुलै २००० मध्ये सिएरा लिओनमधील कैलाहून येथे वेढ्यात अडकलेले आपले शांतिसैनिक ‘ऑपरेशन खुकरी’ करून सोडविल्याची बातमी आली, तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. वेढा घालणाऱ्या संघटनेत आमच्या सातवी-आठवीच्या वयाची पोरेही होती, हे मी फार उशिरा वाचले.

पश्चिम आफ्रिकेतील या लहानशा देशात १९९१ ते २००२ यादवी चालली. बंडखोरांनी खेड्यांतली मुले पळविली, हाती बंदुका दिल्या. काहींना आपल्याच गावावर हल्ला करायला लावले. युद्ध थांबल्यावर ही मुले परतली ती त्याच माणसांत. ज्या बाईचे घर जळाले, तिचा राग खोटा कसा म्हणावा?

थेरेसा बेटनकोर्ट या अमेरिकन संशोधिकेने २००२ पासून अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. सोसलेले पुसले जात नव्हतेच. पण गावाने जवळ केलेल्या मुलांत उदासी कमी आणि आत्मविश्वास अधिक आढळला. ज्यांच्याकडे ‘बंडखोर’ म्हणून बोट दाखविले गेले, त्यांच्यात खिन्नता आणि चीड अधिक. शाळेत टिकलेली मुले इतरांशी अधिक मिळूनमिसळून वागत.

युनिसेफची एक योजना मला विशेष भावली. अशा मुलांना फी न घेता दाखल करणाऱ्या शाळेला साहित्य मिळे, तेही सगळ्या मुलांसाठी. एकट्या त्या पोरालाच वह्या दिल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी इतर पालक फाटकाशी उभे! योजना आखणारा कधीकाळी मास्तर असावा. मुलींचे मात्र हाल झाले. नाव नोंदवायला बंदूक जमा करावी लागे. जंगलात स्वयंपाक-ओझी करणाऱ्या, कडेवर मूल घेऊन परतलेल्या कित्येकींकडे ती नव्हती. त्या नोंदीबाहेरच राहिल्या.

हे वाचताना आमच्या गावचे एक हवालदार आठवतात. कारगिलहून आले, पेन्शनीत निघाले. रात्री अंगणात येरझाऱ्या घालीत. लोक ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. एका वर्षी पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी त्यांचे नाव निघाले. “नको, भलतेच काही बोलून बसतील,” असे मीच म्हणालो. दाराशी हजेरीपट घेऊन तो मुलगा उभा होता.