मँचेस्टर युनायटेडची जर्सी लाल, मग चाहत्यांच्या गळ्यात हिरवा-सोनेरी स्कार्फ का?
२००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी मारला. म्हणजे घर घेतलं मालकाने, हप्ते भरतंय घर! चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा वेगळा क्लबच काढला. अनेकांना मात्र आपली टीम सोडवेना. २०१० मध्ये त्यांनी निषेध म्हणून हिरवा-सोनेरी स्कार्फ गळ्यात घातला. १८७८ मध्ये ‘न्यूटन हीथ’ नावाने सुरू झालेल्या याच क्लबचे ते जुने रंग. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला, पण बहुमत ग्लेझर यांच्याकडेच राहिलं. २०२४-२५ च्या हंगामात युनायटेड थेट पंधराव्या स्थानावर घसरला.