आतलं यंत्र, बाहेरची कंपनी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं ताईच्या घरी आलेल्या एका पत्राचं.

भाचीच्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे, हे घरच्यांना ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ती तीन वर्षांची असताना, २०१२ साली शस्त्रक्रिया झाली. एक भाग आत, कातडीखाली. दुसरा बाहेर, कानामागे अडकवायचा प्रोसेसर. पत्रात म्हटलं होतं की तिच्याकडच्या प्रोसेसरचे सुटे भाग पुढच्या वर्षापासून मिळणार नाहीत, तेव्हा नवीन मॉडेल घ्यावं. किंमत लाखांत. भाऊजी काही बोलले नाहीत, पत्राची घडी करून खिशात ठेवली.

मला मात्र आठवलं, की २०१२ मध्ये सगळ्यांना समजावणारा मीच होतो. "एकदाच काय तो खर्च, मग आयुष्यभर काळजी नाही!" हे कुठे वाचलं होतं कोण जाणे. म्हणून गेले तीन आठवडे या यंत्रांचा इतिहास वाचत बसलो होतो. उशिराच, पण वाचला.

सुरुवात १९५७ च्या पॅरिसमध्ये. आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिए या दोघांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या नसेपाशी तारेचं वेटोळं बसवलं. त्याला शब्द कळले नाहीत, पण आवाजाची लय कळू लागली. काही काळाने यंत्र बिघडलं. दुसरं बसवलं, तेही बिघडलं. मग प्रयोग थांबला. म्हणजे या कथेतल्या अगदी पहिल्या पेशंटच्या वाट्यालासुद्धा ऐकू येणं आणि ते पुन्हा जाणं, दोन्ही आलं.

पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी १९६१ पासून हे काम उचललं. त्यांचं यंत्र थ्रीएम कंपनीने बनवलं आणि १९८४ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली. त्यात एकच वाहिनी होती. आवाज आला एवढं कळायचं, ओठ वाचायला मदत व्हायची, पण नुसत्या कानाने बोलणं समजणं अवघड. पुढे थ्रीएमने हा धंदाच सोडला.

बोलणं समजायचं तर एका तारेने भागत नाही. आपल्या कानातली गोगलगायीसारखी नळी सुरुवातीला उंच स्वर पकडते आणि आत, टोकाशी खालचे. म्हणून नळीत वेगवेगळ्या जागी विजेचे टोचे द्यावे लागतात. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याचं अनेक वाहिन्यांचं यंत्र डिसेंबर १९७७ मध्ये एका माणसाला बसवलं गेलं. तिकडे मेलबर्नला ग्रॅम क्लार्क याच मागे लागले होते. त्यांच्या वडिलांना नीट ऐकू येत नसे. नळीच्या वळणांत तार सरकवायची कशी, हे कोडं सुटत नव्हतं. १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. बुंध्याशी ताठ आणि शेंड्याशी लवचिक असलेली पाती आत छान वळत गेली! १ ऑगस्ट १९७८ ला त्यांनी पहिलं यंत्र बसवलं. संशोधनाला पैसे कमी पडले तेव्हा टीव्हीवरून लोकांकडे मदत मागितली होती. मग ऑस्ट्रेलियाचं सरकार आणि पेसमेकरच्या धंद्यातली कंपनी एकत्र आले, आणि त्यातून आजची कॉक्लिअर कंपनी उभी राहिली. होखमायर दांपत्याची मेड-एल झाली.

आपल्याकडेही केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळालं आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम बघत आली आहे.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मग डोळ्यांची गोष्ट वाचली.

आल्फ्रेड मान नावाच्या उद्योजकाने १९९३ मध्ये कानाच्या यंत्रांची अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्स काढली होती. सेकंड साइट ही डोळ्यांची कंपनी कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये निघाली, तिच्या संस्थापकांतही तो होता. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजाराने अंध झालेल्यांसाठी त्यांनी 'आर्गस २' बनवलं. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोड. चेहरे दिसत नसत, पण दाराची चौकट, रस्त्यावरचे पांढरे पट्टे उजेड-अंधारातून ओळखता येत. २०११ मध्ये युरोपात आणि २०१३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं.

आणि २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं. २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक कर्मचारी काढून टाकले. यंत्र मात्र लोकांच्या डोळ्यात! एका पेशंटला एमआरआय करायचा होता, तर हे यंत्र आत असताना चालेल का, हे सांगायला कंपनीत कुणी सापडेना. २०२२ मध्ये ही हकीकत छापून आली तेव्हा जगाला कळलं.

तंत्र वाईट होतं असं नाही. फ्रान्सच्या पिक्सियम कंपनीने बनवलेली दोन मिलीमीटरची चकती घ्या. कंपनी दिवाळखोरीत निघाली, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते काम विकत घेतलं, आणि २०२५ मध्ये निकाल आले: वर्षभर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. चकती चांगलीच होती, पण तो घेणारा भेटला नसता तर?

मला एवढंच कळलं, की शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, पण नातं कंपनीशी जुळतं आणि ते पेशंटच्या आयुष्याएवढं टिकावं लागतं. सोयरीक करताना आपण सात ठिकाणी चौकशी करतो. इथे मी फक्त आवाज किती येईल एवढंच विचारलं होतं. सुटे भाग किती वर्षं मिळतील, कंपनी बंद पडली तर काय, हे विचारायचं सुचलंच नाही.

तरीही तेव्हाचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. परवा पोरगी फोनवर तासभर भांडत होती माझ्याशी, कॉलेजच्या विषयांवरून. एकही शब्द दोनदा सांगावा लागला नाही.

ताई, प्रोसेसर घेऊ. दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे, म्हणजे पुढचं पत्र येईल तेव्हा तयारी असेल. त्यात माझा वाटा धरच. २०१२ मध्ये 'एकदाच' म्हणणारा मीच होतो ना?